ज्युबलचे शुक्रवार

ज्युबल केसलर गेल्याचं मला त्याच्या बायकोच्या फोनवरून कळलं आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता याला संत करून टाकणार. तसंच झालं. कार्लीन फोनवर रडत होती, पण रडता रडता कार्यक्रमही ठरवत होती. स्मरणसभा येत्या शनिवारी, समुद्रकाठच्या त्या नव्या चर्चच्या हॉलमध्ये. ऑरेगनहून, टेक्ससहून जुनी मंडळी येणार. जुनी गाणी होणार. आणि ऑरिनची साक्ष तर हवीच.

"कसली साक्ष?" मी विचारलं.

"अगं, त्याच्या डोळ्यांची. लोकांना अजून आठवते ती."

ऑरिन माझा धाकटा भाऊ. माझ्याच घरात मागच्या खोलीत राहतो, आणि ठार आंधळा आहे. तो अठरा वर्षांचा असताना ज्युबलनं भर सभेत त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून ते येशूच्या नावात बरे केले होते. विशी ओलांडायच्या आत ते पूर्ण गेले.

"कार्लीन, त्याला दिसत नाही," मी म्हणाले.

"देहाच्या डोळ्यांनी नाही दिसत गं. पण आतल्या डोळ्यांनी त्याला जे दिसतं ना..."

मी फोन ठेवून दिला. असल्या लोकांशी बोललं की माझा रक्तदाब चढतो. त्यासाठी डॉक्टरनं मला दोन गोळ्या दिल्यात आणि त्या मी न चुकता घेते.

ऑरिन टेबलाशी बसून टोस्टला लोणी लावत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या कानांतून काही सुटत नाही. जिल्हा कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर त्यानं जन्म काढलाय.

"मी जाणार आहे," तो म्हणाला.

"आणि काय करणार? त्याचे आभार मानणार?"

"बघू."

"ऑरिन, तू तिथं उभा राहून त्या माणसाचे आभार मानलेस ना, तर मी तुझ्या हातातून माइक घेईन आणि सगळं सांगेन."

"काय सांगशील?"

"की त्यानं तुझे डोळे खाल्ले. आई औषध घेऊन आली होती ते फेकून दिलं. आणि वर त्यावर गाणं केलं."

त्यानं टोस्टचा तुकडा मोडला. "सांग," तो म्हणाला. "पण माझ्यानंतर सांग."

पन्नास वर्षं मी या माणसाचं हे शांत बोलणं ऐकत आलेय. मला ते भोळसटपणाचं वाटायचं. ज्यानं आपलं वाटोळं केलं त्याच्याविषयी एक वाकडा शब्द नाही. मी ठरवलं, शनिवारी याच्या वतीनं मीच बोलायचं. त्या हॉलमधल्या एकेकाला खरं ऐकवल्याशिवाय मी घरी यायची नाही.

आता ज्युबलविषयी. नाव ज्युबल नव्हतंच, ड्वाइट होतं. बायबलात सगळ्या वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणून जो ज्युबल आहे, त्याचं नाव यानं स्वतःच स्वतःला लावून घेतलं होतं. बाप फ्रेस्नोला दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकायचा. पोरानं दार वाजवायची कला बापाकडून उचलली, फक्त माल बदलला. केस आणि दाढी कॅलेंडरवरच्या येशूसारखी राखलेली. पाय अनवाणी, चपला गाडीत. व्हेंचुराच्या धक्क्यावर बर्गरच्या टपरीसमोर बारा तारांची गिटार घेऊन तो उभा राहायचा आणि एक बोट आभाळाकडे करून ओरडायचा, "तुम्ही कशाच्या नशेत आहात? मी येशूच्या नशेत आहे!" गांजा ओढून पडलेली पोरं डोळे किलकिले करून बघायची. काही उठून त्याच्या मागं जायची, कारण दुपारच्या जेवणाची वेळ झालेली असायची आणि त्याच्या घरी बीन्स फुकट मिळायचे.

आवाज मात्र होता. खोटं कशाला बोलू? तो गायला लागला की टपरीवाला बर्गर उलटायचा थांबायचा. आणि नाव विसरायचा नाही. एकदा हात मिळवला की सहा महिन्यांनीही गर्दीतून हाक मारायचा. ही दोनच भांडवलं त्याच्याजवळ होती, आणि त्यावर त्यानं आयुष्य काढलं.

ऑरिनला लहानपणापासून काचबिंदू. त्या वयात हा आजार विरळाच, पण आमच्या वाट्याला आला. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचे, ते घातले की कपाळ ठणकायचं आणि लांबचं सगळं पुसट व्हायचं. त्यामुळे त्याला कुठल्या खेळात घेत नसत. नाचाला कुणी विचारत नसे. वर्गात मागच्या बाकावर बसून चार वर्षं काढली तरी मास्तरांना त्याचं नाव पाठ झालं नाही. आणि एका दुपारी धक्क्यावर ज्युबलनं गाणं अर्ध्यावर थांबवून त्याच्याकडे पाहिलं, नाव विचारलं आणि म्हणाला, "ऑरिन, इतके दिवस कुठं होतास तू? मी तुझी वाट बघत होतो."

त्याच आठवड्यात ऑरिननं घर सोडलं.

लिंबाच्या बागांपलीकडे त्यांनी एक मोडकं घर भाड्यानं घेतलं होतं. नोहाच्या जहाजावरून त्याला सगळे 'तारू' म्हणत. मुली बीन्स शिजवायच्या आणि मुलं जगाचा उद्धार करायची. आईनं मला ऑरिनवर लक्ष ठेवायला पाठवलं, आणि मी काही महिने लक्ष ठेवण्याऐवजी स्वतःच हात वर करून गात होते. हे लपवण्यात अर्थ नाही. मी वीस वर्षांची होते, आणि ज्युबल मला हसवायचा.

शुक्रवारी संध्याकाळी लिंबं भरायच्या जुन्या शेडमध्ये सभा व्हायची. तिथं आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना व्हायची. नियम असा, की एकदा प्रार्थना झाली की तुम्ही बरे. मग औषध घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. दुखतंय म्हणणंसुद्धा पाप. पेगी नावाच्या एका मुलीनं प्रार्थनेनंतर आपला चष्मा समुद्रात फेकला. पुढं कित्येक आठवडे ती दारांवर आपटत होती आणि प्रत्येक वेळी कपाळ चोळत "प्रभूची स्तुती असो" म्हणत होती. आम्ही कुणी हसत नव्हतो. आम्हीही म्हणायचो, स्तुती असो.

एका शुक्रवारी ज्युबलनं ऑरिनला पुढं बोलावलं. दोन्ही अंगठे त्याच्या पापण्यांवर ठेवले. मागं गिटार चालू, दोनशे पोरं हुंदके देतायत. "येशूच्या नावात हे डोळे मोकळे होवोत!" ऑरिननं खिशातून थेंबांची बाटली काढून त्याच्या अनवाणी पायांशी ठेवली.

आणि दोन दिवसांनी त्याला खरंच जास्त चांगलं दिसायला लागलं. धक्क्याच्या टोकाला उभं राहून त्यानं लांबच्या मासेमारी बोटीवरचं नाव वाचून दाखवलं. लोक ढसाढसा रडले. मीही रडले. यातली गोम मला फार पुढं एका डॉक्टरनं सांगितली. ते थेंबच नजर पुसट करायचे. थेंब बंद केले की नजर स्वच्छ होणार, कपाळ ठणकायचं थांबणार. आजार मात्र आत आपलं काम करत राहणार, कडेकडेनं, न दुखवता. म्हणजे चमत्कार दिसला तो औषध सुटल्याचा. असली चूक करायला आमच्याएवढा विश्वास लागतो, साध्या माणसाला ते जमत नाही.

ज्युबलनं त्यावर गाणं केलं. 'पापणीवर पहाट झाली.' दर शुक्रवारी आधी ऑरिननं उभं राहून साक्ष द्यायची आणि मग हे गाणं. सॅन डिएगोपासून लोक गाड्या भरभरून यायला लागले. ऑरिनला रस्त्यात थांबवून हात लावायचे. चार वर्षं ज्याचं नाव मास्तरांना ठाऊक नव्हतं, त्याला आता अख्खा किनारा ओळखत होता.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की बीन्सचं भांडं डाव्या बाजूनं पुढं केलं तर त्याला दिसत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. मी जेवताना सगळ्यांसमोर तसं बोलले. झालं. माझ्यात शंकेचा आत्मा शिरलाय असं ठरलं, आणि तो काढायला आठ-दहा जणांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. शंकेचा आत्मा निघाला नाही. मी निघाले, सकाळी बॅग उचलून घरी.

मग आई गेली. थेंबांची नवी बाटली घेऊन तारूच्या फाटकाशी उभी राहिली. मी गाडीत बसून होते. ज्युबल बाहेर आला, त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले, बाटली घेतली आणि म्हणाला, "मी बघतो, मिसेस टॉलिव्हर. तुम्ही काळजी करू नका." आई इतकी खूश होऊन परत आली, की वाटेत तिनं मला आइसक्रीम घेऊन दिलं. पुढच्या वर्षी ऑरिन घरी आला तो दुसऱ्याच्या कोपराला धरून. तेव्हापासून मी धरून चालले, की ज्युबलनं ती बाटली फाटकाआडच्या कचऱ्यात टाकली. आई तेच धरून मेली.

ज्युबलचं पुढं बरं चाललं. दोन रेकॉर्ड निघाल्या. मग ढोलकवाल्याच्या बायकोचं प्रकरण झालं, तर हा रडून पश्चात्ताप करून मोकळा. काही वर्षं ॲरिझोनात घरं विकली. म्हातारपणी परत येऊन येशूवेड्या पोरांच्या त्या चळवळीचा आजोबा म्हणून मुलाखती द्यायला लागला, पुन्हा अनवाणी. ऑरिनला दर नाताळला कार्ड पाठवायचा. चित्राचं कार्ड. आंधळ्याला. ऑरिन मला ते वाचायला लावायचा, ऐकून घ्यायचा आणि खणात ठेवायचा. मला वाटायचं, याची भक्ती काही सुटत नाही.

तर, शनिवार.

हॉल भरला होता. एकेकाळची लांब केसांची पोरं आता टकली झालेली, कृत्रिम गुडघ्यांवर उभी राहून हात वर करत होती. सगळ्यांच्या नाकांवर चष्मे, कानांत यंत्रं, आणि बायकांच्या पर्सा गोळ्यांनी खुळखुळत होत्या. देवाला खोटं पाडणाऱ्यांचं एवढं मोठं संमेलन मी दुसरं पाहिलं नाही. पडद्यावर ज्युबलचे फोटो येत होते, प्रत्येकात बोट आभाळाकडे. मागं टेबलांवर बटाट्याचं सॅलड, बीफ आणि तीन प्रकारचे केक. पेगीही आली होती. आता तिला खरंच कमी दिसत होतं, आणि तिनं मला माझी आई समजून मिठी मारली.

टॅनर नावाचा एक तरुण पाळक सूत्रं हलवत होता. हातभर गोंदलेलं, दाढी तेल लावून चकचकीत. ज्युबलला त्यानं शेवटच्या दोन वर्षांत पाहिलेलं, पण बोलत असा होता की जणू दोघं मिळून तारूत राहिले. "आजोबांनी आम्हाला काय शिकवलं?" तो म्हणाला. "भिऊ नका! रस्त्यावर उभे राहा आणि खरं ते सांगा!"

मी ऑरिनच्या कानात म्हणाले, "हा पण त्याच दुकानातला दिसतोय."

"शांत बस," ऑरिन म्हणाला.

साक्षी सुरू झाल्या. एकाची दारू सुटली होती. एकीचं लग्न टिकलं होतं. एक लठ्ठ गृहस्थ सांगत होता की ज्युबलनं त्याला एकतीस वर्षांनी विमानतळावर नावानं हाक मारली, आणि ते सांगताना त्याला खरंच रडू फुटलं. मला मान्य करायला हवं, मीही पर्समध्ये रुमाल शोधला. राग आला मला स्वतःचा. मी ठरवलेलं भाषण मनात परत एकदा घोकलं. डोळे, बाटली, गाणं, याच क्रमानं.

मग टॅनरनं ऑरिनचं नाव घेतलं आणि हॉलमध्ये कुजबूज झाली. मी त्याला कोपराला धरून मंचावर नेलं आणि शेजारीच उभी राहिले, म्हणजे माइक लगेच घेता यावा. ऑरिननं माइक दोन्ही हातांनी चाचपला.

"मी ऑरिन टॉलिव्हर," तो म्हणाला. "ज्युबलनं माझ्यावर हात ठेवले."

खालून आमेन, आमेन. कुणीतरी हळूच गिटारही छेडली.

"गिटार नको. थांबा जरा. जुन्या लोकांना आठवत असेल, मी शुक्रवारी एवढंच म्हणून थांबायचो, आणि ज्युबलकडे तोंड करून उभा राहायचो. मग तो गाणं सुरू करायचा."

मला आठवलं. आम्हाला वाटायचं, याला भरून येतंय म्हणून पुढं बोलवत नाही.

"पहिल्या दिवसांत मी सगळं बोलायचो," ऑरिन म्हणाला. "बोट कशी दिसली, नाव कसं वाचलं. मग एका सकाळी मी तारूच्या मागच्या पायरीवर बसून त्याच्या गिटारच्या तारा बदलत होतो. तो येऊन माझ्याजवळ बसला. माझ्या हातात बाटली दिली. माझ्या आईनं आणलेली. म्हणाला, 'ऑरिन, हे घालायला लाग. दिवसातून चारदा. कुणाला सांगू नकोस.'"

मी त्याचा कोपर सोडला. माझ्या भाषणातला मधला सगळा भाग तिथंच गळून पडला.

"मी विचारलं, 'म्हणजे मी बरा झालो नाही?' त्यानं जुनी तार बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, 'मला माहीत नाही रे.' मी त्याला म्हणालो, 'हरकत नाही. मग शुक्रवारी हेच सांग. मला माहीत नाही, एवढंच म्हण. मी तिथंच, सगळ्यांसमोर, थेंब घालतो.' तो म्हणाला, 'सांगतो.'"

हॉलमध्ये खुर्च्या वाजल्या. टॅनरच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्याला ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

"आपण तेव्हा लोकर अंथरायचो," ऑरिन म्हणाला. जुन्या लोकांत थोडं हसू पिकलं. बायबलातला गिदोन रात्री खळ्यात लोकर पसरून देवाला म्हणाला होता, सकाळी लोकर भिजलेली आणि जमीन कोरडी दिसू दे, म्हणजे तू माझ्या बरोबर आहेस हे मी मानीन. आमच्या पोरांना तेवढंच हवं होतं. पिवळी गाडी दिसली तर अमकीशी लग्न करायचं, टोस्ट जळला तर मेक्सिकोला जायचं, असल्या खुणा ती देवाकडे दिवसभर मागत बसायची. "मीही अंथरली. मी देवाला म्हणालो, हा माणूस लोकांसमोर खरं बोलला तर तू याच्या बरोबर आहेस, मग मी थेंब घालीन आणि याचं ऐकत राहीन. तोपर्यंत बाटली उघडणार नाही. अठरा वर्षांचा होतो मी. त्या वयात माणूस असलं काहीतरी करून बसतो."

"ऑरिन," मी म्हणाले. माइकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी पहिल्या रांगेत बसायचो. सुरुवातीला मला सगळा मंच दिसायचा. वाजवणारे, दिवे, सगळं. मग कडा काळ्या व्हायला लागल्या आणि फक्त ज्युबल उरला. मग फक्त त्याचा चेहरा. शेवटी शेवटी मला त्याचं तोंड तेवढं दिसायचं. मी तेवढंच बघत बसायचो. म्हटलं, आज बोलेल. मग तोंडही दिसेनासं झालं, नुसतं गाणं ऐकू यायचं. बाटली माझ्या खिशातच होती. एवढीच माझी साक्ष आहे."

त्यानं माइक पुढं धरला. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. दोनशे माणसांत एक तरी उठेल. टॅनर दोन ढांगांत आला, माइक घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "आमेन. प्रभूची वाट बघणं म्हणजे काय, हे आज आपण ऐकलं."

"मी प्रभूची वाट बघत नव्हतो," ऑरिन म्हणाला, पण माइक त्याच्या हातात नव्हता. "ज्युबलची बघत होतो."

"किती मोठा विश्वास!" टॅनर म्हणाला, आणि गिटारवाल्यानं नेमकं तेच गाणं सुरू केलं. 'पापणीवर पहाट झाली.' सगळे उभे राहिले. हात वर झाले. मी तुम्हाला सांगते, त्या लोकांना तुम्ही तोंडावर शिवी दिलीत तरी ते तिला चाल लावतील. टॅनरनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, बोलायचंय का म्हणून. मी मानेनंच नाही म्हटलं. माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं होतं ते ऑरिननं माझ्यापेक्षा नीट सांगितलं होतं, आणि ते कुणाच्या कानांत शिरलं नव्हतं. मी माझ्या भावाचा कोपर पुन्हा धरला आणि त्याला खाली उतरवलं.

बाहेर गाड्यांपाशी कार्लीन आमच्या मागं धावत आली. सत्तरी ओलांडलेली बाई, तारूतल्या दिवसांपासून ज्युबलबरोबर असलेली, उंच टाचांत. मला वाटलं, भांडायला आली. पण ती ऑरिनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला सांगायचं होतं रे. दर शुक्रवारी गाडीत मला म्हणायचा, आज सांगतो. आणि शेडमागं जाऊन ओकायचा."

"माहीत आहे," ऑरिन म्हणाला. "मला ऐकू यायचं."

"तू त्याला क्षमा केलीस ना?"

ऑरिननं गाडीचं दार चाचपलं. तेव्हा मीच बोलले. "कार्लीन, वर्षभर ओकला तो, पण तेवढं एक वाक्य काही त्याच्या पोटातून बाहेर पडलं नाही. त्यानंतर पन्नास वर्षं होती. फोन होता. दर नाताळला कार्डावर जागा होती. जा, केक संपेल."

ती गेली. मी ऑरिनला गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला आणि स्वतः येऊन बसले, पण किल्ली फिरवली नाही. आतून गाणं ऐकू येतच होतं. मला भयंकर राग आला होता, आणि तो मेलेल्यावर काढावा की शेजारी बसलेल्यावर, हे कळत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. "तेव्हा. एकदा तरी."

"तू शुक्रवारी सभेत जाऊन ओरडली असतीस."

"ओरडलेच असते! तुझे डोळे वाचले असते!"

"मग त्यानं स्वतःहून सांगायचं राहून गेलं असतं."

"मूर्खा," मी म्हणाले. पन्नास वर्षं मी याला भोळा समजत होते. या जगात ज्युबलला कुणी एवढ्या कडक हिशेबानं तोललं नसेल, मीसुद्धा नाही. मी नुसत्या शिव्या दिल्या. यानं त्याला दर आठवड्याला एक संधी दिली आणि किंमत स्वतः मोजली. मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि दोन्हीपैकी काहीच मला जमलं नाही.

"आणि समज, बोलला असता तर?" मी विचारलं.

"तर थेंब घातले असते. कडेचं गेलेलं परत आलं नसतं. पण मधलं राहिलं असतं बहुतेक."

"तेवढंच?"

आत गाणं संपून टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्यानं तोंड काचेकडे वळवलं.

"बोलला असता तर आज मला रडू आलं असतं," तो म्हणाला. "मला त्याच्यासाठी रडायचं होतं गं."